दोन घटिका सायकलीच्या

दुकानाचे शटर रात्री खाली येते. व्यापाऱ्याचे मन मात्र तेव्हा बंद होत नाही. थकलेली उधारी, तोंडावर आलेले जीएसटीचे विवरणपत्र, ऑनलाइन बाजाराकडे वळलेले जुने गिऱ्हाईक, हे सारे अंथरुणापर्यंत सोबत येते. दिवसभर गादीवर बसून शरीराला श्रम पडलेले नसतात आणि मन तेवढे शिणलेले असते. झोप उडण्याचे एक कारण या विषमतेत आहे. त्यावरचा एक जुना उपाय भंडाऱ्यातील कित्येक घरांच्या गोदामात धूळ खात उभा आहे. तो म्हणजे सायकल.

पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात आज साठी ओलांडलेली पिढी सायकलीवरच वाढली. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, दांड्याखालून पाय घालून शिकलेली कैची, सोललेले गुडघे आणि रात्री डायनामोचा मिणमिणता दिवा या पिढीला आजही आठवतात. पुढे स्कूटर आली, मोटार आली आणि सायकल चालवणे म्हणजे ऐपत नसल्याची खूण, असा समज रुजला. या समजापायी पैसा फारसा गेला नाही. मनाची एक विश्रांती मात्र गेली.

सायकल चालवताना तोल, रस्ता आणि श्वास यांकडे लक्ष द्यावेच लागते. त्यामुळे तेवढा वेळ तरी मन खतावणीची पाने उलटत नाही. पायांच्या एकसारख्या लयीने चित्त हळूहळू निवळते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. नियमित व्यायामाने चिंता व नैराश्याची लक्षणे कमी होतात आणि झोप सुधारते, असेही ही संघटना सांगते. शिवाय शरीराचा बराचसा भार बैठकीवर पडत असल्यामुळे, उतारवयात धावण्यापेक्षा सायकल गुडघ्यांना सोसते.

भंडाऱ्यापासून सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्यांनी रशियातील मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची शर्यतही पूर्ण केली. अशा पराक्रमाचा अभिमान वाटावा. पण मनःशांतीसाठी एवढ्या अंतराची गरज नाही.

श्रावकाला मर्यादेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दिग्व्रतात तो जाण्यायेण्याच्या दिशांना सीमा घालतो, परिग्रहाला परिमाण ठरवतो. सायकल हे मुळातच मर्यादेचे वाहन आहे. आपल्या बळापलीकडे ती नेत नाही आणि धूर सोडत नाही. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तेवढाच वेळ सायकलीला दिला तरी पुरे. ती सामायिकाची जागा घेणार नाही. पण थोडे निवळलेले मन घेऊन आसनावर बसणे निश्चितच सोपे जाईल.

सूर्योदयानंतर वैनगंगेकडे जाऊन परतावे. महामार्गाची अवजड वाहतूक टाळून आतले रस्ते धरावेत. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी बैठकीची उंची असावी. नवकारशी पाळणाऱ्यांनी फेरी लहान ठेवावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. पावसाळ्यात रस्त्यावर जीवजंतू वाढतात, तेव्हा चातुर्मासात सायकल आवरती घेऊन घरातच व्यायाम करणे उचित. हृदयविकार वा चक्कर येण्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. सायकल हे औषध नव्हे. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, भूक-झोप हरपली, जगणे नकोसे वाटू लागले, तर उपचार हवेतच. मुलामुलींच्या सोयरिकीत अडचण येईल या भीतीने व्यापारी घरांत असे दुखणे झाकले जाते. दुकानातील तूट लपवली तर ती वाढते; मनातली तूटही तशीच वाढत जाते. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तो रात्रंदिवस चालतो.

गोदामातली ती सायकल बाहेर काढून पुसावी, साखळीला तेल द्यावे, चाकांत हवा भरावी. सोबत नातवालाही घ्यावे. घराण्याची पेढी पुढच्या पिढीला सोपवताना एवढी एक सवयही तिच्या हाती देता येईल.