साठी, बुद्धी आणि समाज

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण खानदेशातील घराघरांत आजही सहज उच्चारली जाते. म्हातारा घराची वाट चुकला, जेवण उरकल्यावर म्हातारीने पुन्हा भाकरी मागितली, की या म्हणीचा आधार घेऊन घरातील माणसे मोकळी होतात. वयाला दोष दिला म्हणजे कोणाचीच जबाबदारी उरत नाही. परंतु स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, वार्धक्याचा अटळ धर्म नव्हे. जर्मन वैद्य आल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णाची हकीकत मांडली, ती स्त्री त्यांच्याकडे प्रथम आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभर माणसांमागे सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या आजाराने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. आजार जर केवळ वयाचा असता, तर त्याने असा भेदभाव का करावा?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली चौदा कारणे नोंदविली: अपुरे शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाढलेली चरबी, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान, हालचालीचा अभाव, खिन्नता, एकाकीपणा, डोक्याला झालेली इजा आणि दूषित हवा. ही सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा मंडळाचा अंदाज आहे. कोणा एका व्यक्तीला ही हमी नव्हे. समाजाचा हिशेब आहे. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० माणसांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबावर देखरेख यांचा लाभ दिला गेला. ज्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला मिळाला होता, त्यांच्यापेक्षा इतरांची बौद्धिक क्षमता अधिक चांगली राहिल्याचे २०१५ साली दिसून आले.

आता ही यादी चाळीसगाव तालुक्यावर ठेवून पाहावी. येथील तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास धडधाकट माणसे ऊसतोडीला जातात आणि आखाजीच्या आसपास परततात. मधले कित्येक महिने म्हाताऱ्यांना बोलायला माणूस नसतो. त्यांना ‘चारचौघांत मिसळा’ असे सांगणे ही क्रूर थट्टाच होय. आज पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बायका जन्मल्या त्या काळात, १९५१ च्या जनगणनेत, देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. शाळेने मेंदूला मिळणारी शिदोरी त्यांना नाकारली गेली, आणि पुढे आयुष्यभर चुलीच्या धुराची सोबत मात्र लाभली. ज्यांना आपण ‘सवयी’ म्हणतो, त्यांतील कितीतरी या स्त्रियांनी निवडलेल्याच नव्हत्या.

तथापि समाजरचना बदलेपर्यंत स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आज सोडलेल्या विडीचा लाभ त्या विडी ओढणाऱ्याच्या काळजाला आणि मेंदूला मिळतोच. रक्तदाब मोजायला फारसा वेळ लागत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. गोळी मात्र रोज घ्यावी लागते, ‘बरे वाटते’ म्हणून सोडून चालत नाही, हे घरोघर जाऊन सांगणारे कोणीतरी हवे. ऐकू येईनासे झालेला माणूस आधी संभाषणातून आणि मग माणसांतून उठतो. चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी ६५ वर्षांवरील गरजूंना एकरकमी ३००० रुपये देणारी योजना राज्य शासनाने २०२४ साली जाहीर केली. तिचा अर्ज भरून देणे हे मोर्च्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. संध्याकाळी पारावर वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन, म्हाताऱ्यांकडून अहिराणी गाणी आणि गोष्टी ऐकणारी मुले, एकत्र फेरफटका: यांसाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

आणि एक काम याहून मोठे आहे. आईबापांबरोबर ऊसाच्या फडावर जाणारी मुलगी शाळेतून तुटते, तेव्हा तिच्या केवळ नोकरीचीच वाट बंद होत नाही. साठ वर्षांनंतरच्या तिच्या स्मरणशक्तीचाही आधार काढून घेतला जातो. ती मुलगी गावातच राहून शिकेल अशी व्यवस्था मागणे, ही उद्याच्या म्हातारीच्या आरोग्याचीच मागणी आहे. आज ती मागितली नाही, तर तिच्याही वाट्याला पुढे तीच म्हण येईल, आणि तेव्हाही सगळे वयालाच दोष देतील.