मोटार जमिनीवर, पैसा हवेत

उडणारी मोटार येतेय. दोन वर्षांत येतेय. शंभर वर्षांपासून दोन वर्षांत येतेय.

दोस्तांनो, ही थट्टा मी करत नाही. ती त्यांनीच केलीय, आणि आपल्यावर केलीय. दर पाच-सात वर्षांनी एक नवा शेठ उठतो, गुळगुळीत कागदावर एक चित्र छापतो. चित्रात काचेच्या इमारती, धुतलेलं आभाळ, मधून तरंगत जाणारी मोटार, आत टाय लावलेला माणूस. खाली रस्ता दिसत नाही. रस्त्यावरची माणसं तर मुळीच नाहीत. पेपरवाले मथळा देतात, साहेब लोक फोटो काढून घेतात, आणि आपल्यातलीच चार शिकलेली पोरं सुनावतात, बघ जग कुठं चाललंय नि तू अजून लोकलला लटकतोयस.

जग कुठं चाललंय ते बघूच. वही उघडू आणि हिशोब मांडू. मी मॅट्रिक झालेला, गोदीत माल चढवणारा-उतरवणारा माणूस. विमानविद्या मला येत नाही. पण वजन कळतं. आणि या सगळ्या नाटकाची किल्ली वजनात आहे.

आधी इतिहास. १९१७ साली ग्लेन कर्टिस या अमेरिकेतल्या नामांकित विमानवाल्याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘ऑटोप्लेन’ मांडलं. खाली मोटारीसारखी केबिन, वर पंखांचे तीन मजले. त्यानं जमिनीवरून चार उड्या मारल्या, खरं उड्डाण कधी केलंच नाही. मग हेन्री फोर्ड. त्याने १९२६ ला एका माणसापुरतं छोटं विमान काढलं, हवेतली स्वस्त मोटार म्हणून. फेब्रुवारी १९२८ मध्ये त्याचा वैमानिक हॅरी ब्रुक्स फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून मेला आणि फोर्डने तो नाद सोडला. तरी १९४० ला हाच फोर्ड सांगत होता की हसायचं तर हसा, पण विमान आणि मोटार यांचा संकर येणारच. बोलायला काय जातं? मरायला ब्रुक्स होता.

१९४९ ला मोल्टन टेलरची ‘एरोकार’ मात्र खरोखर उडाली. १९५६ ला तिला सरकारी सर्टिफिकेटही मिळालं. एक मोठी कंपनी ती बनवायला तयार झाली, अट एकच, पाचशे ऑर्डरी आणा. अख्ख्या अमेरिकेतून पाचशे जमल्या नाहीत. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच एरोकार बनल्या, त्या आज म्युझियमच्या आणि हौशी लोकांच्या कामाच्या.

आणि १९७३. कॅलिफोर्नियात हेन्री स्मोलिन्स्की नावाच्या इंजिनियरने फोर्ड पिंटो मोटार घेतली, सेस्ना विमानाचा मागचा भाग आणि पंख घेतले आणि दोन्ही जोडून टाकले. पुढच्या वर्षी बाजारात आणायची तयारी होती. ११ सप्टेंबर १९७३ रोजी उडताना उजव्या पंखाचा आधार निखळला. स्मोलिन्स्की आणि त्याचा भागीदार हॅरोल्ड ब्लेक दोघेही ठार. सरकारी चौकशीत निघालं की वेल्डिंग कच्चं होतं. पंखाचा आधार मोटारीच्या पत्र्यावर जोडलेला होता. भावांनो, पत्र्याला हूक अडकवून ओझं उचलायचं नसतं, हे गोदीतलं नवं पोरगंसुद्धा पहिल्या पाळीत शिकतं.

आता वजनाची गोष्ट.

मुंबई बंदरातून मोटारी परदेशी जातात. जहाजाच्या रॅम्पवरून रांगेने आत चढतात. एकेक गाडी हजार किलोच्या वर. ती जड का? कारण ती रस्त्यासाठी आहे. तिला खड्डे खायचेत, ब्रेक खायचेत, टक्कर झाली तर आतल्या माणसाचा जीव वाचवायचाय. म्हणून पोलाद, म्हणून बंपर, म्हणून जाड दरवाजे. विमानाचा न्याय उलटा. तिथे प्रत्येक किलो इंजिनाला उचलावा लागतो, म्हणून खिळासुद्धा तोलूनमापून लावतात. रस्त्यावर पंख म्हणजे लोढणं. हवेत मोटारीची चाकं, बंपर, पोलाद म्हणजे लोढणं. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घ्यायची म्हणजे रस्त्यावर भिकार मोटार आणि हवेत भिकार विमान. आपल्याकडे म्हणतातच, दोन घरचा पाहुणा उपाशी.

बरं, पंख नकोत, सरळ वर उचलू, असं आजचे शेठ म्हणतात. ते बघा. आमच्या क्रेनने माल उचलला आणि ब्रेक लावला की माल लटकत राहतो. ऑपरेटरने बिडी ओढली तरी चालतं. लटकण्याचा खर्च नाही. हवेत लटकणाऱ्या यंत्राला ब्रेक नसतो. त्याला जागच्या जागी राहायलासुद्धा सारखी हवा खाली ढकलत राहावं लागतं. पाते जितके छोटे, तितकी जास्त ताकद. आणि मोटारीच्या मापात बसवायचं म्हणजे पाते छोटेच.

ही ताकद आणायची कुठून? एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. एक किलो चांगल्या बॅटरीत अडीचशे-तीनशे. इंजिन पेट्रोलचा मोठा भाग उष्णतेत घालवतं हे धरलं, तरी पेट्रोल दसपटीने पुढे राहतं. त्यातून आणखी एक मेख आहे. पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होतं. बॅटरी संपली तरी तिचं वजन तेवढंच राहतं. म्हणजे रिकामी गोणी भरल्या गोणीएवढीच जड. असली गोणी कुठला हमाल पाठीवर घेईल? घेईल, पण जवळच्या जवळ. म्हणूनच या नव्या यंत्रांची धाव थोडक्यात आटोपते. चीनच्या ईहँग कंपनीच्या दोन माणसांच्या यंत्राला ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारचं सर्टिफिकेट मिळालं. उडतं ते, कोण नाही म्हणतो? पल्ला सुमारे तीस किलोमीटर. आणि रस्त्यावर ते एक फूटही चालत नाही. मग ती मोटार कशी? हे बॅटरीवरचं हेलिकॉप्टर. पण हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मंत्री येतो. मोटार म्हटलं की स्वतःचं स्वप्न येतं. नाव बदललं की गिऱ्हाईक बदलतं. धंद्याची ही जुनी रीत आहे.

आणि जी खरंच रस्त्यावर चालते नि उडतेही, ती? स्लोव्हाकियातली क्लाइन व्हिजनची एअरकार. जून २०२१ मध्ये ती नित्रा ते ब्रातिस्लाव्हा ३५ मिनिटांत उडत गेली आणि उतरल्यावर पंख मिटून रस्त्याने शहरात गेली. २०२२ ला तिलाही सर्टिफिकेट मिळालं. कारागिरांना सलाम, मनापासून. पण तिला धावपट्टी लागते. म्हणजे घरातून निघून त्याच ट्रॅफिकमधून विमानतळ गाठायचा, मग उडायचं, मग दुसऱ्या विमानतळावर उतरून पुन्हा त्याच ट्रॅफिकमध्ये घुसायचं. ट्रॅफिक सुटला कुणाचा?

मग या धंद्यात उडतं काय? पैसा उडतो.

पॉल मोलर या कॅलिफोर्नियाच्या माणसाने ‘स्कायकार’च्या पायी चार दशकांच्या वर घालवली. पाचशेच्या वर लोकांकडून पन्नास लाखांवर डॉलर घेतले. २००३ साली अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्याच्यावर दावा लावला, की गुंतवणूकदारांना खोट्या आशा दाखवल्या. मोलरने आरोप कबूलही केले नाहीत, नाकारलेही नाहीत, ५०,००० डॉलर दंड भरला. ती स्कायकार हवेत तरंगली ती क्रेनच्या दोराला बांधून. दोस्तांनो, क्रेनच्या दोराला बांधून तर आम्ही रोज लोखंड तरंगवतो. आम्हाला कुणी गुंतवणूक दिली नाही.

टेराफ्यूजिया २००६ ला निघाली, एमआयटीत शिकलेल्या पोरांची. २००९ ला त्यांची गाडी उडाली, विक्रीची तारीख पुढे पुढे सरकत राहिली, २०१७ ला चिनी गीलीने कंपनी घेतली, २०२१ ला अमेरिकेतलं दुकान बंद. गुगलवाल्या लॅरी पेजच्या पैशावर चाललेली किटी हॉक २०२२ ला बंद. स्लोव्हाकियाचीच एरोमोबिल २०२३ ला बंद. जर्मनीची व्होलोकॉप्टर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टॅक्सी उडवणार होती. ऑलिम्पिक झालं, तिकीट काढून कुणी उडालं नाही, डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला. तिथलीच लिलियम शंभर कोटी डॉलरच्या वर गोळा करून ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा गेली. मधल्या डिसेंबरात सुमारे हजार कामगारांना घरी बसवलं. म्हणजे बघा, स्वप्न बघितलं शेठने, पडला तो फिटर. या कहाणीत हे एकच कलम कधी चुकत नाही.

कुणी म्हणेल, राईट बंधूंनाही लोक हसले होते. ठीक आहे, त्यांचीच वही उघडू. राईट बंधू उडाले डिसेंबर १९०३ ला. १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा अशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली, ठरलेल्या वेळेला, तिकीट पाच डॉलर. पहिल्या उड्डाणापासून तिकिटापर्यंत दहा-अकरा वर्षं. कर्टिसच्या ऑटोप्लेनला शंभरावर वर्षं उलटली.

दुसरा दाखला माझ्या धंद्यातला आहे, आणि तो सांगताना तोंड कडू होतं. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ लोखंडी पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. कंटेनर. त्याचं रंगीत चित्र कुणी भिंतीवर लावलं नाही, स्वप्न म्हणून कुणी विकलं नाही. पण सुटा माल चढवायला टनामागे जिथे पाच-सहा डॉलर लागत, तिथे काही सेंटांत काम झालं. हिशोब पहिल्याच फेरीत चुकता. मग ती पेटी जगभर पसरली, १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, आणि मुंबईच्या गोदीत टोळ्याच्या टोळ्या रिकाम्या झाल्या. मालकाला खरंच परवडणारं यंत्र असं येतं. वाजत-गाजत येत नाही, तारखा देत नाही, तुमच्याकडे डिपॉझिट मागत नाही. एक दिवस तुम्ही कामावर जाता आणि ते तुमच्या जागी उभं असतं.

यंत्राशी आपलं वैर नाही. प्रश्न एवढाच, की यंत्र कुणाचं ओझं उतरवतं?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये उबेरने जाहीर केलं की तिच्या उडत्या टॅक्सीसाठी ज्या देशांचा विचार चालू आहे त्यांत हिंदुस्थान आहे, आणि मुंबई, दिल्ली, बंगळूरची नावं घेतली. कारण काय, तर इथे ट्रॅफिक फार. डिसेंबर २०२० मध्ये उबेरने तो सगळा विभागच जोबी कंपनीला देऊन टाकला. मुंबईला कुणी कळवलंही नाही. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडिगोवाल्या इंटरग्लोबने अमेरिकेच्या आर्चरशी हात मिळवून सांगितलं, २०२६ ला दिल्लीत सुरू, कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, पुढे मुंबईतही. एका यंत्रात प्रवासी चार. भाडं दोन-तीन हजार रुपये असेल असंही सांगून झालं. तारीख लिहून ठेवा आणि मान वर करून बघत राहा.

समजा उडाली. गणित करा. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक लोकल चार हजारांच्या वर माणसं नेते. ती एक लोकल रिकामी करायला या टॅक्सीच्या हजार फेऱ्या लागतील. एका लोकलसाठी! मग हा उपाय कुणाच्या ट्रॅफिकवर आहे? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं लोकलमधून पडून मेली. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचं पाच रुपयांचं तिकीट दहा झालं. अटल सेतू २०२४ ला झाला, त्यावर मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. जमिनीवरचा पूल जिथे आपल्यासाठी नाही, तिथे आभाळातला रस्ता आपल्यासाठी असेल असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं. आपल्या वाट्याला त्याची घरघर येईल, खाली राहतो म्हणून.

तेव्हा पुढच्या वेळी असलं चित्र छापून आलं की तोंड वासून बघू नका. विचारा. चार माणसं आणि त्यांचं सामान घेऊन, बॅटरीसकट, एकूण वजन किती? मागच्या वेळी दिलेली तारीख कोणती होती, आणि ती कुणी खाल्ली? बुडाली तर कुणाचा पगार बुडेल? आणि ज्या सरकारी साहेबाने शेजारी उभं राहून फोटो काढला, त्याने आपल्या वॉर्डात नव्या बस किती आणल्या?

याची उत्तरं आकड्यांत मागा. जो आकडा देत नाही त्याला डिपॉझिट देऊ नका, टाळीसुद्धा देऊ नका.