बाबांचा बर्गर

आई गेल्यापासून बाबांचे जेवणावरचे मनच उडाले होते. म्हणून त्यांना आमच्याकडे बंगळुरूला आणले. एका रविवारी नातवाने हट्टाने त्यांना सेंट मार्क्स रोडवरच्या ट्रफल्समध्ये नेले. ‘‘१९९६ साली इथल्याच केंटकी चिकनची शेतकऱ्यांनी मोडतोड केली होती, ठाऊक आहे?’’ रांगेत बाबांची कुरकुर चालूच होती. बर्गर आला तो चांगला वीतभर उंच! काटा-सुरी बाजूला सारून बाबांनी तो वडापावासारखा दोन्ही हातांनी धरला. रस मनगटापर्यंत ओघळला. निम्मा झाल्यावर ते थांबले. मला वाटले, झाले यांचे.

‘‘तुझ्या आईने यात लसणाची चटणी घातली असती,’’ ते म्हणाले आणि उरलेला अर्धाही त्यांनी संपवला.