फ्रान्सची वजाबाकी

नवं वर्ष लागलं की ऑफिसात दोन गोष्टी उघडतात. एक अप्रेझलचा फॉर्म आणि दुसरं लीव्ह कॅलेंडर. पहिल्याकडे बघून छातीत धडधडतं आणि दुसऱ्याकडे बघून गुदगुल्या होतात. मे महिन्यातले दहा दिवस मंजूर झाले, की मग प्रश्न एकच. जायचं कुठे? गोवा, केरळ, फार तर दुबई-सिंगापूर करून झालेल्या मंडळींचं उत्तर आता बऱ्याचदा युरोप असतं. त्यात घरात मुलं असतील तर पॅरिस. कारण डिस्नेलँड!

आमच्या घरात यंदा हा योग दादा-वहिनीच्या कुंडलीत आलाय. सोबत नऊ वर्षांची भाची आणि चार वर्षांचा भाचा. चौघांची पहिलीच परदेशवारी. त्यासाठी दादाने नव्या गाडीचा बेत पुढे ढकललाय आणि वहिनीने वर्षभर एकेक रजा गुळाच्या खड्यासारखी जपून ठेवलीये. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘मोकळीच असते’. त्यामुळे प्लॅन तपासायचं काम माझ्याकडे.

प्लॅन वाचूनच धाप लागली. दहा दिवसांत पॅरिस, डिस्नेलँड, व्हर्साय, लिऑन, नीस, स्ट्रासबर्ग आणि ‘आलोच आहोत तर’ स्वित्झर्लंड. सकाळी साडेसातला हॉटेल सोडायचं, रात्री अकराला परत. भाच्याच्या नावापुढे फक्त एक शब्द. ‘स्ट्रोलर’!

‘अगं, एवढे पैसे घालतोय, मग सगळं बघायला नको?’ इति दादा. त्याचं अगदीच चूक नाही. आपण थाळीचे पैसे भरले की न आवडणारी भाजीसुद्धा संपवतो, हा तर युरोप आहे. पण वहिनी मला ओट्याशी गाठून म्हणाली, ‘हा घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. सलग दहा दिवस बाबा म्हणून हा त्यांना कधी मिळालाच नाही. तिथेही हा घड्याळ बघत पुढे आणि आम्ही मागून धावतोय, असं नको गं व्हायला.’

माझ्या मते सगळ्या प्लॅनिंगचा फंडा या एका वाक्यात आहे. मुलांबरोबरची पहिली ट्रिप बेरजेने बसत नाही, वजाबाकीने बसते. मग दोन रविवार आम्ही तिघं खोडरबर घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यासाठी.

आधी कागद

फ्रान्सला शेंगेन व्हिसा लागतो. एकाच व्हिसावर आजूबाजूचे बरेच देश करता येतात, म्हणूनच तर आपल्याला मोह होतो. पण अर्ज करायचा तो जिथे सर्वात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. म्हणजे आधी रात्री मोजा, मग फॉर्म भरा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मे महिन्याची गर्दी बघता पंधरा दिवसांवर ठेवणं म्हणजे जुगार. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे, ६ ते ११ वर्षांच्या मुलांची ४५, आणि सहाच्या आतल्यांना माफ. सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांना व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत, पण अर्ज मात्र प्रत्येक मुलाचा स्वतंत्र. किमान ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स चौघांचाही हवा. आणि आज रात्रीच मुलांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने तरी शिल्लक असावा लागतो.

पोटातलं घड्याळ

मे महिन्यात फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतं. हे गणित मोठ्यांना किरकोळ वाटतं, मुलांना नाही. पुण्यात रात्री नऊला झोपणाऱ्या पोराला पॅरिसमध्ये संध्याकाळी साडेपाचलाच पेंग येणार. आणि पहाटे साडेतीन-चारला तो टक्क जागा! म्हणून पहिले दोन दिवस संध्याकाळी काहीही ठेवायचं नाही. आदल्या दिवशीच दूध, केळी, बिस्किटं खोलीवर आणून ठेवायची, कारण पहाटे चारला बेकरी उघडी नसते.

दादाच्या प्लॅनमध्ये पहिल्याच रात्री आयफेल टॉवरची लायटिंग होती. १८८९ चा तो ३३० मीटरचा टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं चमचमतो, सॉल्लिड दिसतो, सगळं खरं. पण मे महिन्याच्या शेवटी पॅरिसमध्ये सूर्यच साडेनऊनंतर मावळतो. म्हणजे चमचम बघायची तर रात्रीचे दहा-अकरा. मुलांच्या पोटातल्या घड्याळात तेव्हा दीड-अडीच! ही लायटिंग आम्ही पाचव्या रात्रीवर ढकलली, दुपारच्या भरपूर झोपेनंतर. वर चढायचं तिकीट साधारण दोन महिने आधी ऑनलाइन मिळायला लागतं. ते सकाळचं घ्या.

दिवसाला एकच मोठी गोष्ट

सकाळी एक ठरलेलं काम, दुपारनंतर बाग. बस्स. लूव्रमध्ये १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, युरोपबाहेरून येणाऱ्या मोठ्यांना मात्र जानेवारी २०२६ पासून ३२ युरो. दोघांचे ६४ युरो गेले, की ‘वसूल’ करायची उबळ येणार. ती दाबा. मोनालिसा, इजिप्तचा विभाग आणि तळघरातल्या जुन्या किल्ल्याच्या भिंती, एवढं दीड तासात होतं. खंदक आणि ममी बघून पोरं खूश, आणि त्यांचा पेशन्स संपायच्या आत तुम्ही बाहेर. वेळेचा स्लॉट आधी घ्या, मुलांचासुद्धा. वार मात्र तपासा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से म्युझियम आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. १ मे हा आपला महाराष्ट्र दिन, तर तिकडे कामगार दिनाची कडक सुट्टी. त्या दिवशी लूव्रही बंद.

दुपारसाठी लक्झेम्बर्ग गार्डन. तिथल्या मोठ्या हौदात भाड्याने मिळणाऱ्या लाकडी शिडाच्या होड्या मुलं काठीने ढकलत बसतात. भाचीने फोटो बघताक्षणी बाकी सगळ्याला कट मारून हीच गोष्ट पहिल्या नंबरावर टाकली. मेट्रोच्या १ आणि १४ नंबरच्या गाड्यांना ड्रायव्हर नसतो. अगदी पुढे उभं राहिलं की बोगदा समोरून अंगावर येतो. भाच्यासाठी हेच डिस्नेलँड! पण बऱ्याच मेट्रो स्टेशनांवर जिने भरपूर आणि लिफ्ट नाही, तेव्हा स्ट्रोलर घडी होणारा हवा. नाहीतर सरळ बस पकडा.

भुकेचं टाइमटेबल

फ्रान्समध्ये बऱ्याच रेस्टॉरंट्सचं किचन दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. नेमकी मधल्या वेळात आपली पोरं भुकेने भोंगा पसरणार. उपाय तिथल्याच मुलांकडे आहे. फ्रेंच मुलं चारच्या सुमारास ‘गूते’ खातात, म्हणजे आपलं मधल्या वेळचं खाणं. बेकरीतून चॉकलेट भरलेला पाव घ्या आणि बागेत बसा. वहिनीसारख्या शाकाहारींसाठी गालेत बेस्ट. कुट्टूच्या पिठाचं, आपल्या घावनाच्या नात्यातलं. फक्त ‘जांबों’ आणि ‘लार्दों’ हे दोन शब्द पाठ करा. दोन्ही डुकराचं मांस, आणि लार्दों चक्क सॅलडमध्येही सापडतं. पाण्यासाठी ‘काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट टेबलावर येतं. आणि दुकानात शिरताना काहीही मागायच्या आधी ‘बोंजूर’. मुलांना शिकवा, ती आपल्यापेक्षा न लाजता म्हणतात.

शेवटी उरलं काय?

पॅरिसला सहा रात्री आणि स्ट्रासबर्गला तीन. टीजीव्हीने जेमतेम पावणेदोन-दोन तास. तिथल्या ओरांजरी पार्कमध्ये मोठाले पांढरे करकोचे उंच घरटी बांधून राहतात, आणि कॅथीड्रलमधल्या खगोलीय घड्याळातले पुतळे दुपारी साडेबाराच्या सुमारास चालायला लागतात. नीस, लिऑन, स्वित्झर्लंड कटाप. ट्रेनची तिकिटं जितकी लवकर, तितकी स्वस्त, हे पटल्यावर दादाने ती ताबडतोब बघायला घेतली. दोन दुपारी मात्र पूर्ण कोऱ्या ठेवल्या. त्याला रिकामी जागा बघवेना, म्हणून त्याने तिथे ‘काही नाही’ असं लिहून टाकलं. वहिनी त्या ओळीकडे बघून जे हसली, त्याला तोड नाही.

तुमचीही मुलं घेऊन पहिली ट्रिप ठरत असेल, तर यादी जरूर करा. मग त्यातली अर्धी खोडा, आणि उरलेल्यातली एक गोष्ट प्रत्येक मुलाला निवडू द्या. परत आल्यावर ऑफिसात कुणीतरी विचारणारच, ‘काय, स्वित्झर्लंड नाही केलं?’ बिनधास्त ‘नाही’ म्हणा. आल्प्स कुठे पळून जात नाहीत. चार वर्षांचं पोर मात्र पुढच्या मे महिन्यात पाच वर्षांचं झालेलं असतं.