परतूर-घनसावंगी परभणीतच बरे

परभणी जिल्ह्यातून इकडे कॅनडात आलेल्या मंडळींत निवडणुकीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते: जालना जिल्ह्यातले दोन मतदारसंघ आमच्या गळ्यात मारले. बोरीकडच्यांचा आवाज त्यात जरा वरच असतो. बोरी जिंतूर तालुक्यात, म्हणून जिंतूर विधानसभेत, आणि म्हणून परभणी लोकसभेत. खासदार परतूर-घनसावंगीकडे फिरत राहिला तर जिंतूरकडे येणार कधी, असा सवाल. मला ही तक्रार पटत नाही.

मुळात हिशेब साधा आहे. राज्यात विधानसभेच्या २८८ जागा, लोकसभेच्या ४८. एका खासदारामागे सहा. परभणी जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी अशा चारच. उरलेल्या दोन शेजारून घ्याव्याच लागणार. २००८च्या पुनर्रचनेने त्या परतूर आणि घनसावंगीच्या रूपाने दिल्या. हिंगोली जिल्ह्यात तर तीनच जागा, म्हणून त्या लोकसभेला उमरखेड, किनवट आणि हदगाव जोडले.

शिवाय परतूर परके कधी होते? १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा ते परभणीतूनच तिकडे गेले. घनसावंगीचे तसे नाही. तो भाग जुन्या अंबडचा, औरंगाबादकडचा. पण १९९९ला हिंगोलीही वेगळी झाली. अठरा वर्षांत दोनदा आखडलेल्या हद्दीला आता अनादि मानून भांडण्यात काय हशील?

राजकारण बिघडले म्हणावे तर तेही दिसत नाही. १९५२ला शेकापचे नारायणराव वाघमारे, १९७७ला पुन्हा शेकापचेच शेषराव देशमुख निवडून देणारा हा मतदारसंघ १९९१पासून, १९९८चा अपवाद सोडला तर, शिवसेनेकडे राहिला. जुन्या रचनेत २००४ला तुकाराम रेंगे, नव्या रचनेत २००९ला गणेशराव दुधगावकर. पक्ष फुटल्यावरही २०२४मध्ये ठाकरे गटाच्या संजय जाधवांनी महादेव जानकरांना सुमारे १ लाख ३४ हजारांनी हरवले.

खरा मुद्दा पाण्याचा आहे. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून जालना जिल्ह्यातून परभणीत येतो. घनसावंगी वरच्या अंगाला, पाथरी-परभणी खाली. वर उपसा वाढला की टेलच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. निम्न दुधनाचे तसेच: धरण सेलू तालुक्यात, बुडितात जमीन गेली परतूर-मंठ्याकडची. पाणी घेणारा आणि जमीन देणारा, हेडचा आणि टेलचा, दोघे एकाच खासदाराचे मतदार आहेत. पाणी हा राज्याचा विषय, खासदार काय करणार, असे कोणी म्हणेल. आवर्तन तो ठरवत नाही, खरे. पण दोन्हीकडे मते मागायला जाणाऱ्याला एका बाजूचा वकील होणे परवडत नाही. ही युती कोणी ठरवून केली नसावी. तरी ती मोडू नये.

इथे कॅनडात दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रत्येक प्रांताचा आयोग सीमा नव्याने आखतो आणि लोकांची सुनावणी घेतो. ब्रॅम्प्टनचा उत्तरेकडचा भाग शेजारच्या कॅलेडनला जोडला, तो असाच. भारतात १९७६पासून राज्यांच्या जागांची संख्या गोठलेली, आणि ८४व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. पुढची फेररचना येईल तेव्हा तिकडेही मसुदा राजपत्रात छापला जाईल आणि हरकती मागवल्या जातील. गावाकडून लेखी हरकत जावी, आणि ती परतूर घालवण्यासाठी नको. येलदरी धरण जिंतूर तालुक्यात, पण त्याचे पाणी सिद्धेश्वरमार्गे मोठ्या प्रमाणात बसमतकडची जमीन भिजवते, आणि बसमत हिंगोली लोकसभेत. मागायचेच असेल तर बसमत मागा. सहाचा हिशेब जुळवायला गंगाखेड सोडावे लागले तर माझी तयारी आहे. गंगाखेडकर मंडळी पुढच्या अंकात उत्तर देतीलच.