परसांतील तण व वेलींचें आच्छादन

कनेरगांव नाक्याच्या काळ्या जमिनींत मृगाच्या सरी पडतांच तण माजतें. गतवर्षीं आमच्याच सांगण्यावरून सूनबाईंनीं परसांतील गाजरगवत उघड्या हातांनीं उपटलें. अंगावर पुरळ उठून महिनाभर त्यांस झोंप नव्हती. १९५५ सालीं पुण्यास प्रथम आढळलेल्या ह्या गवताचें एक झाड हजारों बिया टाकतें. नुसतें उपटून काय होणार?

यंदा आम्हीं स्वतः हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वींच तें काढलें. लव्हाळ्याच्या गांठी व हरळीच्या मुळ्या खणून काढल्या. मग एका वाफ्यांत चवळी पेरली, दुसऱ्यांत रताळ्याचे वेल लाविले. पहिला महिना खुरपणी चुकविली नाहीं. पुढें पानांनीं जमीन झांकली. उन्हाअभावीं तणाचीं रोपें खुरटलीं.

परवां चवळीच्या शेंगा सूनबाईंनींच तोडल्या.