केबल बंद केली, पण पैसे खरंच वाचले का?

२०२५ च्या पाडव्याला कराडला घरी गेलो आणि गेल्या गेल्या एक शहाणपणा केला. घरची केबल बंद करून टाकली. केबलवाल्या काकांना फोन लावला, "काका, पुढच्या महिन्यापासून नको, बॉक्स घेऊन जा." महिन्याला ३५० रुपये जात होते. घरात फायबर होतंच, टीव्ही स्मार्ट होता आणि दोन-तीन ॲप्सचे प्लॅन माझ्याकडे होते. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये असताना घरच्यांनी केबलचे पैसे का भरायचे, असा एकूण तोरा होता.

गणपतीत परत गेलो आणि त्याच काकांना फोन करून बॉक्स परत मागवला.

मधल्या पाच महिन्यांत कळलं की माझा हिशोबच चुकला होता. आणि हाच हिशोब आत्ता खूप जण करतायत. पैसे भरून डिश, म्हणजे डीटीएच, वापरणारी घरं २०२० च्या शेवटी देशात ७ कोटींच्या आसपास होती. ट्रायच्या आकड्यांनुसार मार्च २०२५ मध्ये ती ५.७ कोटींवर आली. केबलवाल्यांचीही तीच रड आहे. तुमच्याही घरी हा विषय निघाला असेल, तर आधी हे वाचा.

केबलचं बिल एकदा नीट बघा

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. आठवत असेल, तेव्हा घरोघरी चॅनेलच्या याद्या टिक करायला आल्या होत्या. तेव्हापासून बिलाचे दोन भाग असतात. पहिला भाग जोडणीचा, त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. ती जास्तीत जास्त १३० रुपये ठरली, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यात सुरुवातीला १०० चॅनेल होते, २०२० मध्ये ट्रायने ते २०० केले. (२०२४ मध्ये ट्रायने या फीवरची मर्यादाच काढली, त्यामुळे आता कंपनी आपली फी स्वतः ठरवते.) दुसरा भाग म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या चॅनेलची किंमत.

२०१९ च्या यादीत झी मराठी १९ रुपये, कलर्स मराठी १० आणि स्टार प्रवाह ९ रुपये होतं. तिन्ही सुटे घेतले तर ३८ रुपये, जीएसटी धरून ४५ च्या आत. म्हणजे मराठी मालिका बघणाऱ्या घराचं बिल तेव्हा २०० रुपयांत बसत होतं. मग आमचे ३५० कसे? कारण आम्ही सुटे चॅनेल कधी घेतलेच नाहीत. काकांनी दिला तो पॅक चालू ठेवला. त्यात कार्टून होतं, इंग्रजी सिनेमे होते, आणि आमच्या घरात कार्टून बघणारा शेवटचा माणूस मीच होतो.

हे मी पाडव्याला बघायला हवं होतं. बघितलं नाही.

ॲपवर तोच मराठी टीव्ही किती ठिकाणी विखुरलाय

मी लावलेला हिशोब साधा होता. फायबरचा ३९९ चा प्लॅन जीएसटी धरून ४७१ रुपये पडतो. तो तसाही भरतो, म्हणजे टीव्हीसाठी इंटरनेट फुकट. जिओहॉटस्टारचा सुपर प्लॅन फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांना २९९ होता, म्हणजे महिन्याला शंभर. शंभर विरुद्ध साडेतीनशे. विषय संपला!

पण आईच्या संध्याकाळचं काय? स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर. झी मराठीच्या झी फाइव्हवर. सोनी मराठीवरची हास्यजत्रा सोनी लिव्हवर. केबलच्या रिमोटवर हे चारही चॅनेल एकमेकांपासून दोन बटणांवर होते. आता तीन ॲप, तीन प्लॅन, तीन लॉगिन. त्यात बाबांना सिनेमे हवेत म्हणून प्राइम, वर्षाला १४९९, म्हणजे महिन्याला सव्वाशे. माझ्यासाठी नेटफ्लिक्सचा सगळ्यात स्वस्त टीव्हीवर चालणारा प्लॅन, १९९. एवढ्यातच केबलची रक्कम मागे पडली, आणि झी फाइव्ह, सोनी लिव्ह अजून धरलेच नाहीत.

आणि सुटं काही मिळत नाही. केबलवर नऊ रुपयांत एकच चॅनेल घेता यायचं. ॲपवर 'मला फक्त स्टार प्रवाह द्या' असं म्हणायची सोयच नाही.

खरा फरक तंत्रज्ञानात आहे

आता थोडं इंजिनीअरिंग. उपग्रहावरून सिग्नल खाली येतो तो सगळ्यांसाठी एकच असतो. तो एक लाख घरांनी पकडला काय आणि एक कोटी घरांनी पकडला काय, पाठवणाऱ्याचा खर्च तेवढाच. केबलही तसंच काम करते. म्हणून तिथे पैसे बॉक्समागे असतात. त्या बॉक्ससमोर एकटी आई बसली किंवा शेजारच्या चार काकू येऊन बसल्या, बिल तेच.

स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक स्क्रीनला सर्व्हरकडून वेगळा प्रवाह जातो. तुम्ही आणि तुमचा शेजारी एकच मॅच बघत असलात तरी डेटा दोनदा वाहतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपच्या फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी स्क्रीन चालू होते, म्हणजे तेवढे वेगळे प्रवाह. त्यासाठी कंपन्या शहराशहरांत सर्व्हर ठेवतात, तुमचं नेट हळू झालं की चित्र आपोआप धूसर करतात, आणि व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पुढचे थोडे आधीच साठवतात. शेजारी 'आउट!' ओरडतात तेव्हा तुमचा बॉलर अजून रनअपवर असतो, ते या साठवणीमुळे.

प्रत्येक प्रेक्षकाचा खर्च वेगळा, म्हणून किंमतही स्क्रीन मोजून लावली जाते. मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, सुपरला दोनच डिव्हाइस, क्वालिटी हवी तर वरचा प्लॅन. मी घरामागे असलेली किंमत आणि स्क्रीनमागे असलेली किंमत समोरासमोर ठेवून तुलना केली, तिथेच चुकलो.

दुसरी गोष्ट, ॲपचे दर स्थिर नसतात. रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने २०२२ मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे डिजिटल हक्क २३,७५८ कोटींना घेतले आणि २०२३ ला सगळ्या मॅच जिओसिनेमावर फुकट दाखवल्या. आपण खूश. एप्रिल २०२४ मध्ये त्याच ॲपचा महिन्याला २९ रुपयांचा प्रीमियम प्लॅन आला. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले, आणि २०२५ ची आयपीएल पूर्ण बघायला प्लॅन लागला, नाहीतर प्लॅन सोबत देणारा रिचार्ज. प्राइमवर जून २०२५ पासून सिनेमाच्या मध्ये जाहिराती आल्या. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. केबलवाल्या चॅनेलला आपली किंमत ट्रायच्या चौकटीत जाहीर करावी लागते. ॲप्सना २०२१ चे आयटी नियम आहेत, पण ते वयोगट आणि तक्रारींबद्दल बोलतात, दराबद्दल नाही.

ओटीपी माझ्या फोनवर

पण बॉक्स परत आणला तो पैशांमुळे नाही. जूनमध्ये एका ॲपने टीव्हीवरून लॉगआउट केलं. लॉगिन माझ्या नंबरवर, ओटीपी माझ्या फोनवर, आणि मी हिंजवडीत मीटिंगमध्ये. आईने साडेसातला फोन केला, मी कट केला. परत केला, परत कट. नऊ वाजता मी फोन लावला तर म्हणाली, "राहू दे आता, झाली मालिका." नंतर ॲपवर बघता येते, हे मी तिला समजावत बसलो. तिला ती साडेसातला, आजीसोबत, भाजी निवडता निवडता बघायची होती. पुढे पुढे तिने फोन करायचंच सोडलं. गणपतीत गेलो तेव्हा टीव्हीवर नुसतं यूट्यूब चालू होतं, दिवसभर बातम्या.

त्याच काळात एका प्लॅनचे पैसे मला न विचारता परत कापले गेले. म्हणजे विचारलं होतं, सुरुवातीला ऑटोपेला मीच हो म्हटलं होतं. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो, आजच उघडून बघा. माझ्याकडे पाच निघाले.

तुम्ही हॉस्टेलला किंवा रूमवर राहत असाल आणि एकटेच मोबाइलवर बघत असाल, तर केबलचा विचारही करू नका. एक ॲप महिनाभर घ्या, सीरिज संपवा, बंद करा, दुसरं घ्या. फक्त डेटाकडे लक्ष द्या: एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतो, त्यामुळे रोजचा दीड जीबी अर्ध्या तासात उडतो. क्वालिटी कमी केली तर तासाला १ जीबीच्या आत भागतं. गावाकडे केबल नको, प्लॅनही नको असेल तर डीडी फ्री डिश आहे. एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च, नंतर महिन्याचं बिल नाही. सह्याद्री मिळतं, पण झी मराठी, स्टार प्रवाह तिथे नाहीत.

आमच्याकडे आता केबल आहे, पण पॅक नाही. काकांसोबत बसून यादी केली: मराठी चॅनेल सुटे, बाबांसाठी एक सिनेमाचं. बिल २३० च्या आसपास येतं. यादी करताना काका म्हणाले, "एवढं कुणी विचारतच नाही रे, सगळे एकतर पॅक घेतात नाहीतर बंद करतात." आमचं फायबरही तेच देतात, हे मला तेव्हा कळलं. नेटफ्लिक्स माझ्या फोनवर, माझ्या पैशांनी. झी फाइव्हचा प्लॅन डिसेंबरमध्ये संपतोय, त्याचं ऑटोपे बंद केलंय.